पंचवीस गुंठे, बावीस वर्षे : रोमच्या शेतकरी-सैनिकाविषयी थोडे वेगळे मत

इ.स.पू. १७१. मॅसिडोनियाचा राजा पर्सियस याच्याविरुद्ध रोमने युद्ध पुकारले होते आणि सैन्यभरती जोरात चालू होती. जुन्या, कसलेल्या सैनिकांना मुद्दाम बोलावण्यात आले. त्यांतल्या तेवीस जणांनी पूर्वीच्या मोहिमांत लीजनमधले सर्वांत वरचे सेंच्युरियनपद भूषवले होते. आता आपल्याला खालच्या पदावर घेतले जात आहे, म्हणून ते ट्रिब्यूनांकडे दाद मागायला गेले. (ट्रिब्यून म्हणजे सामान्य जनतेच्या रक्षणासाठी निवडलेले अधिकारी; कॉन्सुलचा हुकूम अडवण्याचाही त्यांना अधिकार होता.) त्या तेविसांपैकीच एक जण सभेत बोलायला उभा राहिला. वय पन्नाशीच्या पुढे, नाव स्पुरियस लिगुस्टिनस.

इतिहासकार लिव्ही याने त्याचे भाषण दिले आहे. त्याचा सारांश असा : वडिलांनी माझ्यासाठी एक युगेरम जमीन आणि एक लहानशी झोपडी ठेवली. त्याच झोपडीत मी जन्मलो, वाढलो आणि आजही तिथेच राहतो. वयात येताच वडिलांनी माझे लग्न चुलत बहिणीशी लावून दिले. आम्हाला सहा मुलगे, दोन मुली. मी बावीस वर्षे सैन्यात काढली, चौतीस वेळा पराक्रमाबद्दल बक्षिसे मिळवली, आणि तरीही मला द्याल त्या पदावर मी लढायला तयार आहे.

एक युगेरम म्हणजे आपले जवळपास २५ गुंठे.

हे भाषण बहुतेक ठिकाणी रोमन निष्ठेचा नमुना म्हणून दिले जाते. लिव्हीचाही हेतू तोच होता. प्रसंगानंतर सुमारे दीडशे वर्षांनी तो लिहीत होता, तेव्हा शब्द लिगुस्टिनसचे किती आणि लिव्हीचे किती, हा प्रश्न राहतोच. पण मला त्या भाषणात दुसरेच माणूस दिसते. नवरा मॅसिडोनियात, मग स्पेनमध्ये, मग ग्रीसमध्ये, पुन्हा स्पेनमध्ये. २५ गुंठ्यांवर, आठ लेकरांसह, बावीस वर्षे ते घर कोणी चालवले? लिव्ही त्या स्त्रीचे सद्गुण सांगतो, तिने सोबत हुंडा आणला नाही हेही सांगतो. नाव मात्र सांगत नाही.

रोमन प्रजासत्ताकाचा सैनिक पेशाने शेतकरी होता, हे आपण सगळे वाचत आलो आहोत. ज्याच्याकडे ठरावीक किमान मालमत्ता आहे, त्यानेच शस्त्र धरायचे. बिनजमिनीच्या माणसाला ते कर्तव्यही नाही आणि तो मानही नाही. नांगर सोडून सेनापती झालेला आणि काम आटोपताच पुन्हा नांगराकडे वळलेला सिनसिनाटस हा या कल्पनेचा लाडका नायक. पुढची कथाही ठरलेली आहे : युद्धे लांबली, शेतकरी वर्षानुवर्षे परदेशी अडकला, शेत ओस पडले, सावकाराने किंवा शेजारच्या श्रीमंताने ते गिळले, तिथे गुलाम राबू लागले, शेतकरी रोमच्या गल्लीबोळांत आला आणि त्यातून ग्रॅकस बंधूंची चळवळ उभी राहिली. अ‍ॅपियन आणि प्लुटार्क यांनी ही कथा सांगितली, विसाव्या शतकात आर्नल्ड टॉयन्बी आणि कीथ हॉपकिन्स यांनी तिला भक्कम रूप दिले.

या कथेतले एक वाक्य गेल्या काही दशकांत डळमळीत झाले आहे. ‘शेत ओस पडले’ हे ते वाक्य. आणि ते डळमळीत झाले म्हणून शेतकऱ्याचे गाऱ्हाणेही खोटे ठरते का, हा या धाग्याचा विषय. माझे मत : मुळीच नाही.

आधी हवामान आणि पंचांग पाहू, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडे पावसाळा हाच युद्धावरचा सर्वांत मोठा निर्बंध होता. नद्यांना उतार नाही, वाटा चिखलाच्या, आणि खरिपाची कामे अंगावर. म्हणून दसऱ्याला सीमोल्लंघन. इटलीचे चक्र याच्या उलट. तिथे पाऊस हिवाळ्यात. गहू पेरायचा शरद ऋतूत, कापायचा उन्हाळ्याच्या सुरुवातीला. युद्धाचा हंगाम मार्चमध्ये उघडायचा. मार्च या महिन्याचे नावच मुळी युद्धदेव मार्सचे. ऑक्टोबरमध्ये शस्त्रशुद्धीचा विधी होऊन तो मिटायचा. म्हणजे सैनिक कापणीला घरी नसे, पण पेरणीला पोहोचे. कापणी घरातले उरलेले हात कशीबशी उरकू शकत. नांगरणी-पेरणीला धडधाकट माणूस परत येई. शेजारच्या गावांशी दोन-चार महिन्यांच्या चकमकी चालत होत्या, तोवर हे गणित जमत होते.

ते पहिल्यांदा बिघडले वेई या शहराच्या वेढ्यात. वेई रोमपासून जेमतेम वीस किलोमीटरवर. पण परंपरेनुसार वेढा दहा वर्षे चालला, इ.स.पू. ४०६ ते ३९६. याच सुमारास रोमने सैनिकांना प्रथमच वेतन सुरू केले आणि लोकांना आनंद झाला. थोड्याच वर्षांत हिवाळ्यातही छावणी हलणार नाही असा हुकूम निघाला, तेव्हा ट्रिब्यून म्हणाले की त्या वेतनाचा अर्थ आता कळला. ते गळाला लावलेले आमिष होते. यावर अ‍ॅपियस क्लॉडियस या उमरावाने दिलेले उत्तर लिव्हीने नोंदवले आहे. त्याचा मतितार्थ असा, की पगार वर्षभराचा घेता ना, मग कामही वर्षभर करा. हे तपशील लिव्हीच्या काळापर्यंत बरेच रंगवले गेले असणार. पण अर्धवेळ सैनिकाला पूर्णवेळ राबवायचे आणि त्याच्या शेतीचा प्रश्न पगाराच्या नाण्यात मिटला असे समजायचे, ही युक्ती किती जुनी आहे ते यातून कळते.

दुसरी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. पहिल्या कार्थेज युद्धात सेनापती रेग्युलस आफ्रिकेत अडकला. त्याने सिनेटला पत्र पाठवले, अशी कथा व्हॅलेरियस मॅक्सिमस सांगतो : माझ्या सात युगेरम शेताचा कारभारी मेला, मजूर अवजारे घेऊन पळाला, बायकामुलांच्या पोटाचे काय, माझ्या जागी दुसरा कोणी पाठवा. सिनेटने काय करावे? शेत कसण्याची व्यवस्था लावली, कुटुंबाचा खर्च उचलला आणि चोरीला गेलेली अवजारे सरकारी खर्चाने भरून दिली. कथेतला कॉन्सुल सव्वाचार एकरांचा गरीब शेतकरी होता, यावर माझा फारसा विश्वास नाही. पण राज्यसंस्थेला हे करता येते, ही जाणीव रोमनांच्या स्मृतीत होती. कॉन्सुलसाठी होती. त्याच्या हाताखालच्या हजारो सैनिकांच्या शेतांसाठी अशी काही व्यवस्था झाल्याचे कोणी सांगत नाही.

मग हॅनिबल आला. इ.स.पू. २१६ मध्ये कॅने येथे रोमचे सैन्य एका दिवसात कापले गेले. जे वाचले त्यांना शिक्षा म्हणून सिसिलीत धाडले आणि युद्ध संपेपर्यंत इटलीत पाय ठेवायचा नाही असे ठरवले. स्किपिओने त्यांना आफ्रिकेत नेले आणि त्यांतले जे उरले ते झामाच्या लढाईत, इ.स.पू. २०२ मध्ये, रोमच्या बाजूने जिंकले. हिशोब करा : चौदा वर्षे. विशीत निघालेला मुलगा पस्तिशीला आलेला.

युद्ध संपले, पण सगळे घरी गेले नाहीत. इ.स.पू. १९९ मध्ये मॅसिडोनियाच्या आघाडीवर दोन हजार सैनिकांनी बंड केले. हॅनिबलच्या पराभवानंतर त्यांना आफ्रिकेतून सिसिलीत आणि तिथून ‘स्वयंसेवक’ म्हणून मॅसिडोनियात पाठवले होते. त्यांचे म्हणणे, आम्ही स्वेच्छेने आलोच नाही, नको म्हणत असताना आम्हाला जहाजांवर चढवले. इटली पाहून कित्येक वर्षे झाली, सिसिली-आफ्रिका-मॅसिडोनियात आम्ही म्हातारे झालो, आता सोडा. सेनापती व्हिलियस याने काय करावे? तुम्ही शिस्तीत निशाणाखाली राहिलात तर सुटकेविषयी सिनेटला लिहीन, असे आश्वासन दिले.

त्यांनी लूट मागितली नाही, बढती मागितली नाही. सुटका मागितली. शेतीचा ऱ्हास शोधताना आपण या साध्या मागणीकडे दुर्लक्ष करतो असे मला वाटते.

आता त्या डळमळीत वाक्याकडे येऊ. २००४ मध्ये नेथन रोझेनस्टाइन या अमेरिकी इतिहासकाराने ‘रोम अ‍ॅट वॉर’ या ग्रंथात जुन्या कथेलाच आव्हान दिले. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा : रोमन पुरुष उशिरा, तिशीच्या आसपास लग्न करत. सैन्यात जाणारे बहुतेक विशीतले अविवाहित मुलगे. लहान शेताला जितके श्रमदिवस लागतात त्याहून किती तरी अधिक श्रमदिवस एका कुटुंबाकडे असतात, म्हणून एक मुलगा गेल्याने शेत बंद पडत नाही. उलट खाणारे एक तोंड कमी होते. वडील, आई, बहिणी, धाकटे भाऊ शेत सांभाळतात. ग्रॅकस बंधूंच्या काळात जमीन अपुरी पडली, ती लोकसंख्या वाढून वाटण्या होत गेल्यामुळे. पुरातत्त्वाचाही या मताला काहीसा आधार आहे. टायबेरियस ग्रॅकस स्पेनला जाताना इट्रुरियातून गेला आणि तिथला प्रदेश त्याला शेतकऱ्यांवाचून ओसाड, परदेशी गुलामांनी भरलेला दिसला, अशी हकीकत प्लुटार्क देतो. पण दक्षिण इट्रुरियात विसाव्या शतकात ब्रिटिश पुरातत्त्वज्ञांनी पायी फिरून केलेल्या पाहणीत लहान शेतघरांचे पुष्कळ अवशेष सापडले. तो प्रदेश निर्मनुष्य खासच नव्हता.

हा युक्तिवाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा भारावून गेलो होतो. आजही त्याचे गणित मला बरोबर वाटते. पण त्यातून काही जण (रोझेनस्टाइन स्वतः नव्हे, त्याचा सारांश सांगणारे) जो निष्कर्ष काढतात, तो मला मान्य नाही. ‘म्हणजे दीर्घ सैन्यसेवेचा शेतकऱ्याला फारसा त्रास झाला नाही’ हा तो निष्कर्ष. शेत चालू राहिले याचा अर्थ कोणी तरी ते चालू ठेवले. लिगुस्टिनसचेच पाहा. तो या नमुन्यात बसतच नाही. वयात येताच त्याचे लग्न झाले होते. एकत्र कुटुंबाचे श्रमदिवस कागदावर पुरेसे भरतात, पण ते श्रमदिवस साठीच्या बापाच्या कमरेतून आणि पोटुशी बाईच्या हातांतून यायचे असतात. ज्या घरात एकुलता एक मुलगा, त्या घराला सरासरीचा काय उपयोग? ज्याच्या घरी शेती आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

आणि दुसरा मुद्दा, जो मला अधिक महत्त्वाचा वाटतो : लोक प्रत्यक्षात कशाविरुद्ध उठले? त्यांनी वर्षभराची मोहीम बहुधा सहन केली. दोन वर्षांचीही केली. उठाव झाले ते परतीची तारीख नसलेल्या सेवेविरुद्ध. स्पेन हे त्याचे घर. तिथल्या युद्धात लूट कमी, मरण अधिक, आणि अंतर इतके की सैन्य दरवर्षी बदलणे सिनेटला परवडेना. इ.स.पू. १८० मधली सिनेटची एक चर्चा लिव्हीने दिली आहे. स्पेनमधल्या सेनापतीचे दूत सांगतात की सैनिक आता थांबायला तयार नाहीत; सोडले नाहीत तर स्वतः निघून येतील किंवा बंड करतील. नवा नेमलेला प्रेटर विरोध करतो : जुने सैनिक गेले तर मी नवख्यांना घेऊन लढू कसा? अखेर तडजोड होते, आणि साधारण सहा वर्षांपूर्वी किंवा त्याआधी गेलेल्यांना परतण्याची मुभा मिळते. तो विरोध करणारा प्रेटर कोण? टायबेरियस सेम्प्रोनियस ग्रॅकस. पुढे शेतकऱ्यांसाठी प्राण देणाऱ्या ग्रॅकस बंधूंचा बाप.

त्याला दोष देऊन भागत नाही. त्याच्या जागी कोणताही सेनापती तेच म्हणाला असता. नेमके इथेच दुखणे आहे : सैनिक जितका अनुभवी, तितका तो राज्याला हवासा, आणि म्हणून तितकी त्याची सुटका अवघड. चांगले लढल्याचे बक्षीस म्हणजे आणखी एक वर्ष.

पुढच्या पन्नास वर्षांत हे चिघळत गेले. इ.स.पू. १५१ मध्ये स्पेनसाठी भरती होईना. ट्रिब्यूनांनी चक्क दोन्ही कॉन्सुलांना तुरुंगात टाकले आणि शेवटी कोण जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागले. इ.स.पू. १३८ मध्ये पुन्हा तेच : प्रत्येक ट्रिब्यूनला आपल्या पसंतीच्या दहा माणसांना भरतीतून सोडवण्याची मुभा हवी होती, ती नाकारली म्हणून कॉन्सुल तुरुंगात. त्याच वर्षी गायस मॅटिएनस नावाच्या एका पळालेल्या सैनिकाला सर्वांसमोर फटके मारून एका सेस्टर्सला, म्हणजे किरकोळ एका नाण्याला, विकले. स्पेनमधून पळणाऱ्यांना तो इशारा होता. इशारे देण्याची वेळ येते तेव्हा पळणारा एकटा नसतो.

याच काळात रोमच्या जनगणनेतले नागरिक सुमारे ३,३७,००० वरून (इ.स.पू. १६४) ३,१८,००० पर्यंत (इ.स.पू. १३६) घसरलेले दिसतात. पूर्वी हा शेतकरी संपल्याचा पुरावा मानला जाई. आता बरेच अभ्यासक म्हणतात की माणसे होती. ती नाव नोंदवायला येत नव्हती. नाव नोंदले की भरतीचा हुकूम आलाच. मला हे दुसरे स्पष्टीकरण जुन्यापेक्षा अधिक गंभीर वाटते. शेतकरी मेला नव्हता, तो राज्यापासून लपत होता.

टायबेरियस ग्रॅकस याने इ.स.पू. १३३ मध्ये आणलेला जमिनीचा कायदा सर्वांना ठाऊक आहे : सार्वजनिक जमिनीवर कोणाही एकाने ५०० युगेरमपेक्षा, म्हणजे सुमारे ३१० एकरांपेक्षा, अधिक ताबा ठेवू नये, वरची जमीन गरिबांत वाटावी. त्याच्या कार्यक्रमातली दुसरी गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. प्लुटार्क सांगतो की पुन्हा निवडून येण्याची धडपड करताना त्याने सैन्यसेवेचा कालावधी कमी करण्याचाही प्रस्ताव मांडला होता. जमीन आणि मुदत. दोन्ही मागण्या एकाच माणसाने एकाच वर्षी मांडाव्यात, हा मला योगायोग वाटत नाही. त्याच वर्षी सिनेटरांच्या जमावाने त्याला आणि त्याच्या तीनशेहून अधिक साथीदारांना ठार केले. त्या जमावाचा म्होरक्या होता स्किपिओ नासिका. पाच वर्षांपूर्वी, इ.स.पू. १३८ मध्ये, भरतीवरून तुरुंगात गेलेल्या दोन कॉन्सुलांपैकी एक.

इथे कोणी म्हणेल की साम्राज्य मिळवायचे तर दुसरा मार्गच नव्हता. होता. झामानंतर सिनेटने स्किपिओच्या सैनिकांना स्पेन आणि आफ्रिकेतल्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे दोन युगेरम, म्हणजे ५० गुंठे, जमीन देण्याचे ठरवले होते. म्हणजे वर्षांचा हिशोब ठेवणे, त्याची भरपाई मोजणे, हे सगळे येत होते. नंतरच्या स्पेनमधल्या सैनिकांच्या वाट्याला ते आले नाही. दरम्यान त्यांनीच जिंकलेल्या युद्धांतून गुलामांचे तांडे येत राहिले. एकट्या एपिरसमधून इ.स.पू. १६७ मध्ये दीड लाख माणसे गुलाम केली गेली. ती ज्यांनी विकत घेतली, त्यांना शेतावरच्या गड्याला सैन्यात नेले जाईल ही धास्ती नव्हती.

मारियसने इ.स.पू. १०७ मध्ये भूमिहीनांना सैन्यात घेतले, ही पुढची पायरी. तिला क्रांती म्हणायचे की आधीच उतरत आलेल्या मालमत्तेच्या अटीचा शेवट, यावर वाद आहे. मी दुसऱ्या मताचा. परिणाम मात्र स्पष्ट आहेत. सुटकेनंतर जमीन मिळवून देणारा सेनापती हाच आता सैनिकाचा धनी झाला. इ.स.पू. ४१ मध्ये ऑक्टेव्हियनने आपल्या सैनिकांना वसवण्यासाठी इटलीतल्या संपन्न नगरांच्या जमिनी काढून घेतल्या. त्यासाठी अठरा नगरे आधीच मुक्रर केली होती. जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांच्याच. एका शेतकरी-सैनिकाचे देणे दुसऱ्या शेतकऱ्याच्या बांधावरून फेडले गेले.

तोच ऑक्टेव्हियन ऑगस्टस झाल्यावर त्याने सेवेची मुदत ठरवली : आधी १६ वर्षे, मग २०. इ.स. ६ मध्ये निवृत्त सैनिकांसाठी स्वतंत्र कोषही उघडला. कागदावर प्रश्न सुटला होता. इ.स. १४ मध्ये तो वारला, आणि काही दिवसांतच पॅनोनियातल्या आणि ऱ्हाइनकाठच्या लीजनांनी बंड पुकारले. टॅसिटसने त्यांच्या तक्रारी दिल्या आहेत. तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे झाली तरी सोडत नाहीत. सोडले तरी निशाण बदलून तिथेच राबवतात. आणि त्यातूनही जो वाचतो त्याला दूरदेशी नेऊन शेत म्हणून दलदल किंवा डोंगराचा उतार देतात.

ऱ्हाइनकाठी सेनापती जर्मॅनिकस समजूत घालायला आला. काही म्हाताऱ्या सैनिकांनी चुंबन घेण्याच्या मिषाने त्याचा हात धरला आणि त्याची बोटे आपल्या तोंडात घातली. हिरड्यांवर एकही दात उरलेला नाही, हे त्याला हाताने कळावे म्हणून.